मित्रांनी तिचे मेसेज मोठ्यानं वाचले आणि मीही हसलो. आता काय करू?

तू माझ्यापेक्षा वयानं बराच लहान आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन हे माझं रोजचं काम आहे. तू लिहिलं आहेस तसे प्रसंग माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतात. ज्यानं दुसऱ्याचं गुपित चव्हाट्यावर आणलं तो येतो, आणि जिचं आणलं गेलं तीही येते. दोघांचंही ऐकलेलं असल्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुझी हकीकत थोडक्यात अशी. सतराव्या वर्षी क्लासमधल्या एका मुलीशी मैत्री झाली आणि बघता बघता तुम्ही प्रेमात पडलात. रात्री उशिरापर्यंत मेसेज, वहीच्या पानांवरच्या चिठ्ठ्या, एकदा जिन्यात हातात घेतलेला हात. मित्रांना कळल्यावर ‘पुढं काय झालं?’ सुरू झालं. आधी तू थोडं वाढवून सांगितलंस. मग ते म्हणाले, ‘उगाच फेकतोयस, पुरावा दाखव.’ तेव्हा तिचे दोन-चार मेसेज दाखवलेस. आणि एक दिवस एकानं तुझा फोन हिसकावला, तिच्या आवाजाची नक्कल करत मेसेज मोठ्यानं वाचले. सगळे हसले, तूही हसलास. दोन दिवसांत हे तिच्या कानावर गेलं. तिनं एकच ओळ पाठवली, ‘तू हसत होतास का?’ तू उत्तर दिलं नाहीस, आणि त्यानंतर ती तुझ्याशी बोललेली नाही. आता तू १९ वर्षांचा आहेस आणि विचारतोस की ते प्रेम होतं का, दबावाखाली होतो म्हणून माझा दोष कमी होतो का, आता माफी मागू का, आणि मी पुन्हा पूर्वीसारखा निरागस होईन का.

हे चार प्रश्न आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो. रात्री तिच्याशी बोलणारा मुलगा खरा, की मित्रांत बसून हसणारा? दोन वर्षं तू या दोघांपैकी एकाला खोटं ठरवायच्या मागे लागला आहेस. कधी तुला वाटतं की ते प्रेम नव्हतंच, कधी वाटतं की मी तसा नाहीच, पोरांनी करायला लावलं. माझं मत स्पष्ट आहे, दोघंही तूच आहेस. हे एकदा कबूल केलंस की बाकीच्या प्रश्नांना वाट सापडते. तोवर तू गोल गोल फिरत राहशील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मेसेजमध्ये नुसत्या मनातल्या गोष्टी होत्या की फोटोही होते? ते फोन हिसकावण्यापुरतं राहिलं की कुणी स्क्रीनशॉट काढून पुढं पाठवले? तिच्या घरी याची झळ पोचली का? ‘मला पुन्हा संपर्क करू नकोस’ असं तिनं स्वतः किंवा मैत्रिणीकरवी कळवलं होतं का? पुढचा सल्ला या उत्तरांनुसार बदलतो, तो कुठं बदलतो ते त्या त्या जागी लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊन टाकते. हो, ते प्रेम होतं. ‘या वयात नुसतं आकर्षण असतं’ हे मोठ्या माणसांचं वाक्य मला कधीच पटलेलं नाही. आर्थर एरन, हेलन फिशर आणि लूसी ब्राउन यांनी २००५ मध्ये नव्यानं प्रेमात पडलेल्या तरुण मंडळींच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. आवडत्या माणसाचा फोटो बघताना मेंदूतली ओढ आणि बक्षिसाशी संबंधित यंत्रणा जागी होत होती. म्हणजे जीव खाऊन वाट बघणं, एका मेसेजसाठी फोन दहादा उघडणं हा काही नाटकीपणा नसतो. सतराव्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. घराबाहेरचं एखादं माणूस पहिल्यांदाच तुमच्या आतलं सगळं ऐकणारं होतं. आई-वडिलांना सांगितलेलं नसतं, मित्रांना सांगता येत नाही, असं काहीतरी तिला सांगितलं जातं आणि तीही सांगते. या देवाणघेवाणीतून माणूस स्वतःला ओळखायला लागतो.

पण प्रेम होतं म्हणून दगा होणारच नाही, असा समज काढून टाक. प्रेम असूनही माणसं एकमेकांना उघड्यावर पाडतात. ‘खरं प्रेम असतं तर मी असं केलंच नसतं’ या वाक्यात तुला शिक्षा दिसते, पण त्यात एक पळवाटही आहे. प्रेम खोटं ठरवलं की नुकसानही लहान ठरतं. तिचं नुकसान लहान नव्हतं.

आता मित्र. इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ‘पिअर प्रेशर’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की आत नेमकं काय घडतं ते बघायचं राहूनच जातं.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांच्या पुढचे असे तीन गट घेऊन त्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढं जायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं होतं. काही जण एकटे खेळले, काही बरोबरीच्यांसमोर. मोठ्या माणसांच्या खेळण्यात सोबतीमुळे फारसा फरक पडला नाही. लहान गटातल्या मुलांनी मात्र सोबती बघत असताना बराच जास्त धोका पत्करला. २०११ मध्ये जेसन चाइन, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशाच खेळात मेंदूचे स्कॅन घेतले. मित्र शेजारच्या खोलीतून नुसते बघत होते, तरी किशोरवयीन मुलांच्या मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भाग जास्त चेतले आणि धोकाही वाढला.

यातलं माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं काय ते सांगते. त्या दुसऱ्या प्रयोगात मित्रांनी ढकललं नव्हतं, धमकी दिली नव्हती. ते फक्त बघत होते. मित्र बघत असताना विचारशक्ती जाते, असं नसतं. समोरच्या बक्षिसाची किंमत वाढते. तुझ्या बाबतीत ते बक्षीस होतं त्यांच्यात तुझं वजन वाढणं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, असा मुलगा होणं. आणि हे त्या प्रसंगाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. पहिल्यांदा तू थोडं वाढवून सांगितलंस तेव्हा कुणी फोन हिसकावला नव्हता. तू सांगितलंस आणि त्यांचे डोळे चमकले, ते तुला आवडलं. पुढच्या वेळी आणखी थोडं द्यावं लागलं. मग पुरावा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच वर होती, म्हणून कुठल्याच पायरीवर ‘आता मी तिला विकतोय’ असं वाटलं नाही. माझ्यासमोर बसलेली जवळजवळ सगळी मुलं शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलतात. मी त्यांना पहिल्या पायरीकडे नेते, कारण तिथं त्यांच्या हातात सगळं होतं.

दुसरी बाजू गटाची. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग तू कदाचित ऐकले असशील. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर ढळढळीत दिसत असतं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवल्याप्रमाणे चुकीचं उत्तर देतात. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी बाकीच्यांच्या मागे जाऊन डोळ्यांना दिसतंय त्याच्या उलट सांगितलं. सुमारे पाव लोक एकदाही वाकले नाहीत. याच प्रयोगांत ॲश यांना आणखी एक गोष्ट दिसली. गटात एकच माणूस जरी खरं उत्तर देणारा ठेवला, तरी चुकीच्या उत्तरांचं प्रमाण चौथ्या हिश्शावर आलं. एकच माणूस.

आणि तिसरी गोष्ट. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दलच्या मतांचा अभ्यास मांडला. जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला हे जेवढं खटकतं तेवढं बाकीच्यांना खटकत नाही. म्हणजे बरेच जण आतून अस्वस्थ होते, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती अस्वस्थता दिसत नव्हती म्हणून सगळे गप्प. तुझ्या त्या टोळक्यात त्या दिवशी सगळ्यांनाच मजा वाटत होती, असं धरून चालू नकोस. पुढं मागं त्यांच्यातला एखादा तुला सांगेल, ‘मला तेव्हा कसंतरीच झालं होतं रे.’ मी हे वाक्य त्या ‘बाकीच्या’ मुलांच्या तोंडून ऐकते. ती मुलं माझ्याकडे दुसऱ्याच कारणासाठी आलेली असतात, आणि बोलता बोलता हा प्रसंग निघतो.

मग दोष कमी होतो का? या प्रयोगांमुळे तू असा का वागलास ते कळतं. तिला काय झालं ते त्यानं तिळभरही बदलत नाही. ती त्या खोलीत नव्हती, तिच्यासमोर कुठलं बक्षीस चमकत नव्हतं, आणि तरी किंमत तिनंच मोजली. शिवाय त्या गाडीच्या खेळात एकटी असताना मुलं इतका धोका पत्करत नव्हती. तूही एकटा असताना जाणत होतास की हे मेसेज कुणाला दाखवायचे नाहीत. त्या समजेला तू गटात शिरताना बाहेर ठेवलंस. मी हे कठोरपणे लिहिते आहे, कारण ‘दबाव होता’ एवढ्यावर सोडून दिलं तर पुढच्या दबावापुढेही तू असाच उभा राहशील.

हसण्याबद्दल तू दोनदा लिहिलं आहेस, म्हणून त्यावर थांबते. अवघडलेपणातही माणूस हसतो. सगळे हसताना न हसलेला चेहरा उघडा पडतो. तुझं हसणं बरंचसं त्यातलं असेल. पण स्वतःला एक प्रश्न विचार, आणि त्याचं उत्तर कुणाला सांगायची गरज नाही. त्या हसण्यात थोडी मजाही होती का? गटात आत घेतलं गेल्याची, आज विषय आपला आहे याची? असेल तर तेही बघ. ज्यांनी ते बघितलं ती मुलं पुढं स्वतःला चांगली सांभाळतात. ‘मला अजिबात मजा वाटली नव्हती’ यावर जी अडून बसतात, त्यांना मी परत परत त्याच जागी अडकलेली बघते.

आता तिची बाजू. अशाच प्रसंगातून गेलेली एक मुलगी माझ्याकडे येत असे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मला वाटलं होतं की मेसेजमध्ये काय होतं याची तिला लाज वाटत असेल. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला, त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, ‘काय लिहिलं होतं त्याचं काही नाही हो. त्यांनी माझा आवाज काढला.’ त्यानंतर कित्येक दिवस तिला वर्गात उत्तर द्यायला उभं राहवत नव्हतं. बोलायला तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज तिला नकलेसारखा ऐकू यायचा. मेसेज लिहिताना ती प्रत्येक वाक्य आधी त्या टोळक्याच्या कानांनी ऐकायची, मग पुसून टाकायची. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’बद्दल लिहिलं. या वयात आपल्याकडे सगळे बघताहेत असं सतत वाटत असतं. या मुलीचे प्रेक्षक काल्पनिक राहिले नव्हते, ते खरोखर जमले होते.

तुझ्या मैत्रिणीला नेमकं हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण तिनं तुला ‘कुणी वाचलं?’, ‘काय काय वाचलं?’ असं विचारलं नाही. तू हसत होतास का, एवढंच विचारलं. तिला तो एकच तपशील हवा होता. तिथं तू तिच्या बाजूला होतास की त्यांच्या, हे त्यावरून ठरणार होतं.

यातून मी निरागसतेकडे येते. खूप मुलंमुली माझ्यासमोर बसून सांगतात की हात धरला, चुंबन घेतलं, रात्री चोरून बोललो, तेव्हा आमची निरागसता गेली. मला हे मुळीच मान्य नाही. दोघांच्या मर्जीनं, दोघांनाही झेपेल इतक्या जवळ येण्यात काही मळत नाही. तुझं जे गेलं ते जिन्यात गेलं नाही, त्या टोळक्यात गेलं. तोवर तुला स्वतःबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. आपल्या जिवलग माणसाला चारचौघांत उघडं पाडणं आपल्याच्यानं होऊ शकतं, ही ती गोष्ट. आता ती माहीत झाली आणि ती पुन्हा अज्ञात होणार नाही. तेवढ्यापुरतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पूर्वीसारखा तू होणार नाहीस.

पण त्या निरागसतेवर तिनं विश्वास टाकला होता आणि तिथंच ती पोळली. तू चांगला होतास, पण तुझी परीक्षाच झालेली नव्हती. यापुढे तुला जो चांगुलपणा मिळवायचा आहे तो स्वतःची ही बाजू माहीत असलेल्या माणसाचा असेल. तो जास्त टिकाऊ असतो असं मी माझ्या कामात बघितलं आहे. अर्थात, तो मिळवावा लागतो, आपोआप येत नाही.

इथं अडसर येतो लाजेचा. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये एक भेद मांडला आणि पुढं जून टँगनी यांनी त्यावर बरंच संशोधन केलं. ‘मी वाईट वागलो’ ही एक भावना, आणि ‘मी माणूसच वाईट आहे’ ही दुसरी, तीच लाज. बाहेरून दोन्ही पश्चात्तापासारख्याच दिसतात. पहिली माणसाला दुरुस्तीकडे नेते. दुसरी लपायला लावते, आणि पुष्कळदा रागाकडे नेते, कारण ‘मी वाईटच’ हे फार काळ सोसवत नाही, मग दोष द्यायला कुणीतरी लागतं. तू लिहिलं आहेस की आता तू मुलींशी बोलणंच टाळतोस, ‘माझी लायकी नाही’ म्हणून. हे तुला प्रायश्चित्त वाटत असेल, पण त्यातून तिला काहीही मिळत नाही. काही मुलं याच लाजेतून उलट टोकाला जातात, कुणावरच जीव लावायचा नाही, सगळं थट्टेवारी न्यायचं, असं ठरवतात आणि पुढच्या मुलीलाही तसंच वागवतात. दोन्ही वाटांवर आतला माणूस दुरुस्त होत नाही.

झोप उडाली असेल, खाण्यापिण्यावरची वासना गेली असेल, स्वतःला इजा करावीशी किंवा जगू नये असं वाटत असेल, तर हे उत्तर पुढं वाचू नकोस. घरातल्या किंवा जवळच्या कुणालातरी आज सांग आणि डॉक्टरला किंवा समुपदेशकाला गाठ. तसं नसेल तर पुढच्या गोष्टी कर, आणि त्या याच क्रमानं कर.

आधी जे अजून अस्तित्वात आहे ते आवर. तिचे मेसेज, स्क्रीनशॉट कुणाकडे असतील तर प्रत्येकाला स्वतः भेटून किंवा फोन करून पुसायला सांग. ‘प्लीज’ म्हण, पण कारण सांगताना गुळमुळीत बोलू नकोस. ‘ते दाखवायचा हक्क मला नव्हता’ एवढं पुरे. कुणी हसलं तर हसू दे. फोटो असतील तर मामला वेगळा आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा खासगी स्वरूपाचा फोटो जवळ ठेवणं किंवा पुढं पाठवणं हा बहुतेक देशांत गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा तो कुणाला पाठवू नकोस, आणि एखाद्या जाणत्या मोठ्या माणसाची किंवा वकिलाची मदत घे. असा फोटो इंटरनेटवर गेला असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटोतली व्यक्ती तेव्हा १८ च्या आतली असेल तर ही सेवा वापरता येते. त्यात फोटो कुणाकडे जात नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात. १८ च्या पुढच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही संमतीशिवाय पसरवलेल्या खासगी फोटोंसाठीची सेवा तशाच पद्धतीनं चालते.

मग गटात बोल. तू तेव्हा वाढवून सांगितलं होतंस ना? ते वाढवलेलं आजही तिच्या नावावर फिरत असेल. ‘मी तेव्हा फेकत होतो, तसं काही झालं नव्हतं’ हे त्यांना सांगणं ही तिची खरी भरपाई आहे. माफीच्या पत्रापेक्षा हे अवघड आहे, कारण इथं तुझंच वजन कमी होतं. मुलांना पत्र लिहायची घाई असते आणि हे काम टाळायचं असतं. मी ते उलटं करायला लावते.

आता माफी. तिनं संपर्क नको असं कळवलं असेल किंवा तुला ब्लॉक केलं असेल, तर तेच तिचं उत्तर आहे. नवा नंबर, मैत्रिणीचा फोन, घराजवळ उभं राहणं, यांतलं काहीही करू नकोस. त्याला माफी म्हणत नाहीत, तो त्रास असतो. तसं काही नसेल तर एकदाच, लेखी, छोटंसं लिही.

एका मुलानं मला त्याचा मसुदा दाखवला होता. त्यात लिहिलं होतं, ‘मला रात्र रात्र झोप येत नाही. मी स्वतःला माफ करू शकत नाही. तू एकदा बोललीस तर मी मोकळा होईन.’ मी त्याला विचारलं, हे वाचून तिनं काय करायचं? तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मला बरं वाटेल असं काहीतरी.’ त्यानं तो कागद स्वतःच बाजूला ठेवला. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीच्या सहा घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना सर्वांत महत्त्वाची वाटली जबाबदारी घेणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. ‘मला क्षमा कर’ ही विनंती सर्वांत शेवटी होती.

तुझ्या पत्राची पहिली ओळ तर तिनंच ठरवून दिली आहे. तिनं प्रश्न विचारला होता आणि दोन वर्षं तो तसाच पडून आहे. म्हणून सुरुवात अशी कर: ‘हो, मी हसत होतो.’ मग, ‘तू मला विश्वासानं लिहिलेलं मी त्यांना दाखवलं, आणि ते वाचत होते तेव्हा थांबवलं नाही. काही गोष्टी मी वाढवूनही सांगितल्या होत्या, त्या खोट्या होत्या हे मी त्यांना आता सांगितलं आहे. ज्यांच्याकडे मेसेज होते त्यांना ते पुसायला लावले आहेत. यात तुझी काहीच चूक नव्हती. उत्तर द्यायची गरज नाही, मी पुन्हा लिहिणार नाही.’ शेवटची ओळ लिहिलीस तर पाळ. मित्रांनी भरीस घातलं, हे त्यात लिहू नकोस. ते खरं असलं तरी तिथं ती सबब होते. आणि पत्र पाठवण्याआधी गटातलं काम खरंच झालेलं असू दे.

ती रागावून उत्तर देऊ शकते. वाच, आणि ‘तुझं बरोबर आहे’ एवढंच लिही. ती मित्रत्वानं उत्तर देऊ शकते, तरी ते पुन्हा सुरू करण्याचं आमंत्रण समजू नकोस. काहीच येणार नाही, ही शक्यता जास्त, आणि त्यासाठी तुझी तयारी नसेल तर अजून पाठवू नकोस.

थोडं थांबून इथवरचं सांगते. प्रेम खरं होतं, दगाही खरा होता. गटाच्या नजरेनं तुला फशी पाडलं, पण पहिली पायरी तू आपणहून चढलास. दुरुस्ती आधी त्या गटात करायची आहे, मग तिच्यापाशी, आणि तीही तिला चालणार असेल तरच.

राहिला प्रश्न त्या मित्रांचा. सगळ्यांना तोडून टाक, असं मी सांगणार नाही. सतराव्या वर्षी तीही मुलंच होती, आणि आज त्यांच्यातले काही तुझ्यासारखेच अवघडलेले असतील. तू खरं सांगितल्यावर कोण कसा वागतो ते बघ. जो विषय बदलून पाठीवर हात ठेवेल त्याला धर. जो अजूनही तिची नक्कल करून दाखवेल त्याच्याशी संबंध कमी कर, भांडण न करता.

पुढं कधीतरी तुला पुन्हा कुणीतरी आवडेल. हा सगळा इतिहास तिला पहिल्याच आठवड्यात सांगायची गरज नाही, तसं केलंस तर तुझं ओझं तिच्या अंगावर टाकल्यासारखं होईल. विश्वास बसत गेला की सांग, आणि सांगताना त्या पहिल्या मुलीचं नाव किंवा तिनं लिहिलेलं काहीही पुन्हा सांगू नकोस. मित्र विचारतीलच, ‘काय म्हणाली?’ तेव्हा ‘ते आमच्या दोघांतलं आहे’ म्हण आणि दुसरं काहीतरी बोल. आठवडाभर चिडवतील. मग दुसऱ्या कुणाचा विषय निघेल, दुसऱ्या कुणाचा फोन हातोहात फिरू लागेल. अशा वेळी ॲशच्या प्रयोगातला तो एक माणूस आठव. ‘फोन परत दे त्याला’ हे मोठ्यानं म्हणायला तुझ्यापेक्षा जास्त कारण त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नसेल.